गाडी ‘कट्’ करते, पण सुरू होत नाही

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, बॉनेटखालून ‘कट्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच घडत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहतात, नाहीतर थेट नवी बॅटरी मागवतात. पहिल्या उपायाने बॅटरीतली उरलीसुरली ताकदही संपते. दुसऱ्याने कधीकधी काही हजार रुपये जातात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज पुन्हा ऐकू येतो, कारण दोष बॅटरीत नव्हताच.

तो आवाज नीट ऐकला आणि त्याच वेळी दिव्यांकडे लक्ष दिलं, तर दोष कुठे आहे याचा बराचसा अंदाज पाना हातात घेण्याआधीच येतो. इथे आपण बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करून हळूहळू खर्चाच्या पायरीकडे जाऊ. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, कोणत्याही गाडीला ही पद्धत लागू पडते.

किल्ली फिरवल्यावर काय घडतं

गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून आपण जिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो, ती पूर्ण चार्ज असताना मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते.

या बॅटरीकडून सर्वांत जास्त वीज मागतो तो सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणारी विजेची मोटर. हेडलाइटच्या दोन साध्या बल्बना मिळून नऊ-दहा अँपिअर करंट पुरतो. सेल्फला लहान पेट्रोल गाडीतसुद्धा शंभराच्या वर अँपिअर लागतात, डिझेल गाडीत त्याहून बरेच जास्त. अँपिअर हे तारेतून किती करंट वाहतो आहे याचं माप.

एवढा करंट किल्लीच्या छोट्या स्विचमधून नेता येत नाही, स्विच जळून जाईल. म्हणून सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड बसवलेला असतो. सोलेनॉइड म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं विद्युतचुंबक. किल्ली फिरवली की ते आतला लोखंडी दांडा ओढून घेतं. त्या एका हालचालीत दोन कामं होतात. सेल्फचं लहान दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, अडकतं आणि मागच्या बाजूला तांब्याचे जाड संपर्क जुळून मोटरला पूर्ण करंट मिळतो.

आपल्याला ऐकू येणारा ‘कट्’ त्या दांड्याचा. तो आला याचा अर्थ किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायरिंग शाबूत आहे. दोष त्यापुढे शोधायचा: बॅटरीत, जाड केबलमध्ये, सोलेनॉइडच्या संपर्कांत, सेल्फमध्ये किंवा क्वचित खुद्द इंजिनात.

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या

गाडी नुकतीच साचलेल्या पाण्यातून आली आहे का, किंवा पाण्यात उभी होती का? उत्तर ‘हो’ असेल तर पुन्हा किल्ली फिरवू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा स्थितीत सेल्फने जोर लावला किंवा धक्का मारून इंजिन फिरवलं, तर पिस्टनला जोडणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. मग साध्या सफाईच्या जागी इंजिन उघडण्याचा खर्च येतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पावसाळ्यात आपल्या शहरांत थोड्याफार प्रमाणात हे दरवर्षी होतं. पाण्यात गेलेली गाडी टो करून गॅरेजला न्या. आत गेलेलं पाणी काढल्याशिवाय ती सुरू करून बघू नका. वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर असं नुकसान विम्यातून भरून मिळणं अवघड असतं.

पाण्याचा संबंध नसेल तर पुढे चला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. हँडब्रेक ओढा. एसी, पंखा, म्युझिक सिस्टीम बंद करा.

पायरी १ : आवाज ऐका

काचा खाली करून किल्ली एकदाच, दोन-तीन सेकंद फिरवा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडून जवळ उभं करा. त्यांचे हात, ओढणी, दुपट्टा पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून लांब असू द्या. आवाज साधारण तीन प्रकारचे असतात.

भरभर ‘कटकटकटकट’ : सोलेनॉइड दांडा ओढतो, संपर्क जुळतात, सेल्फ करंट मागतो आणि त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. चुंबकाची ताकद जाऊन दांडा सुटतो. भार सुटला की व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि दांडा पुन्हा ओढला जातो. हे सेकंदात अनेकदा घडतं. याचा जवळजवळ नेहमीचा अर्थ म्हणजे सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही. बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी खराब आहे.

एकच ठसठशीत ‘कट्’ : दांडा ओढला गेला आणि तिथेच थांबला, पण मोटर फिरली नाही. इथे संशय सोलेनॉइडच्या जळलेल्या संपर्कांवर, सेल्फच्या झिजलेल्या कार्बनवर किंवा अडकलेल्या इंजिनावर जातो. अगदी ढिल्या केबलमुळेही असा आवाज येऊ शकतो.

नुसतं बारीक ‘टिक्’ किंवा काहीच नाही : डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्समधून येणारा बारीक टिक् हा रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा आवाज. तेवढाच येत असेल तर सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. आधी सोप्या गोष्टी बघा. क्लच पूर्ण दाबला आहे का, बटनाच्या गाडीत ब्रेकवर पाय आहे का, ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का? मग सेल्फचा फ्यूज पाहा. बॉनेटखालच्या वायरी उंदराने कुरतडल्या आहेत का, हेही बघा. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हे नेहमीचं आहे.

पायरी २ : दिवे पाहा

आता हेडलाइट लावा. भिंतीसमोर गाडी असेल तर उजेड नीट दिसतो. दिवे चालू ठेवून पुन्हा एकदा किल्ली फिरवा आणि काय होतं ते पाहा.

दिवे आधीपासूनच मिणमिणते असतील तर बॅटरी उतरली आहे.

दिवे आधी चांगले, पण किल्ली फिरवताच जवळजवळ विझत असतील, तर बॅटरी भार पेलत नाही किंवा टर्मिनलपाशी करंट अडतो आहे.

दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकच ‘कट्’ आला, तर सेल्फपर्यंत जाणारा मोठा करंट वाहतच नाही. बॅटरी बहुधा ठीक आहे. संपर्क, कार्बन किंवा सेल्फची केबल तपासायला हवी.

इथे होणारी चूक अशी की ‘हॉर्न वाजतोय, टेप चालतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ असं धरून चालणं. या वस्तूंना फार थोडा करंट लागतो. शंभर अँपिअरची मागणी आली की खरी परीक्षा होते.

पायरी ३ : टर्मिनल तपासा

बॅटरी विकत घेण्याआधी ही पायरी कधीही वगळू नका. किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना हाताने पीळ द्या. ती जराही हलता कामा नयेत. नुसत्या हाताने फिरणारं टर्मिनल म्हणजे दोष सापडला असं समजायला हरकत नाही.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी साठली आहे का पाहा. बॅटरीतल्या आम्लाच्या वाफेने धातू खाल्ला गेला की ती धरते. कोकणात आणि गोव्यात, समुद्राच्या दमट खाऱ्या हवेत, गंज आणखी लवकर चढतो. काही वेळा वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि टर्मिनलच्या आत, जिथे ते शिशाच्या खुंटावर बसतं, तिथे काळपट थर असतो.

एवढ्याशा थराने काय होतं, याचं गणित सोपं आहे. समजा जोडणीत एका ओहमचा पन्नासावा भाग इतकाच अडथळा आहे. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. हेडलाइटचे दहा अँपिअर त्यातून जाताना फक्त ०.२ व्होल्ट वाया जातात, दिवे छान लागतात. सेल्फचे दीडशे अँपिअर जायला लागले की तिथेच तीन व्होल्ट खर्ची पडतात आणि सेल्फ अडून बसतो. टाकी भरलेली असावी आणि पाइपात गाळ अडकावा, तशी ही स्थिती आहे. एका पेल्यापुरतं पाणी येतं, बादली भरत नाही.

सफाईला बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना पुरतो. आधी काळं, म्हणजे उणे चिन्हाचं टर्मिनल काढा, मग लाल. जोडताना उलट: आधी लाल, मग काळं. गाडीची संपूर्ण बॉडी उणे बाजूला जोडलेली असते. काळं टर्मिनल लावलेलं असताना लाल टर्मिनल सोडवणारा पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवा.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने भुकटी घासा. फेस येतो, तो आम्ल निवल्याची खूण. बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. मग पॉलिश पेपरने शिशाचा खुंट आणि टर्मिनलची आतली बाजू चकचकीत करा, पुसून कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन सगळं आवळून झाल्यावर लावायचं, आधी नाही.

काळ्या केबलचं दुसरं टोकही विसरू नका. ते बॉडीला आणि इंजिनाला बोल्टने आवळलेलं असतं. यालाच मेकॅनिक ‘अर्थिंग’ म्हणतात. तो बोल्ट गंजला किंवा ढिला झाला तरी लक्षणं हुबेहूब उतरलेल्या बॅटरीसारखी दिसतात. सफाईनंतर एकदा किल्ली फिरवा. गाडी सुरू झाली तर आपलं काम झालं.

पायरी ४ : बॅटरी मोजा

मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजण्याचं छोटं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतं. ते डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक लाल टर्मिनलला आणि काळं टोक काळ्याला लावा. गाडी काही तास उभी असताना मोजलेला आकडा खरा. नुकती चालवून आणलेल्या गाडीत तो फुगलेला दिसतो.

१२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी असते. आता दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ ओढत असताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा म्हातारी झाली आहे. आधी चार्ज करून पुन्हा मोजा. भरलेली असूनही कोसळत असेल तर ती बदलावी लागेल.

झाकणांच्या बॅटरीत पाण्याची पातळीही बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी नको, कारण त्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. वरून आम्ल तर कधीच ओतू नका.

पायरी ५ : दुसऱ्या गाडीची मदत घ्या

बॅटरी उतरली असेल तर जंपर केबल लावून गाडी सुरू करता येते. मदतीची गाडी बारा व्होल्टचीच हवी. ट्रकची चोवीस व्होल्टची यंत्रणा जोडली तर आपल्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका.

क्रम असा. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे टर्मिनलला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ही काळजी. काही गाड्यांत जोडणीसाठी ठरावीक जागा दिलेली असते. गाडीच्या पुस्तिकेत ती पाहून घ्या.

चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबा. मग आपली गाडी सुरू करून पाहा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांत दोन-एक मिनिटांचं अंतर ठेवा. सेल्फ लवकर तापतो. सुरू झाल्यावर केबल उलट्या क्रमाने काढा.

इथे हमखास नडतात त्या बारीक तारेच्या स्वस्त केबल. रबर जाड आणि आत तांबं थोडं असलं की केबल गरम होते आणि आवाज ‘कटकट’च राहतो. अशा वेळी दहा मिनिटं जास्त थांबून बॅटरीत थोडा चार्ज जाऊ द्या.

धक्का मारून सुरू करणं फक्त हाताच्या गिअरच्या गाडीत शक्य आहे: किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पेट्रोल पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर चालत नाहीत, मग धक्क्याचा उपयोग होत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, म्हणून उतारावर किंवा रहदारीत हा प्रयोग नको.

पायरी ६ : बॅटरी ठीक, तरी ‘कट्’

टर्मिनल स्वच्छ, बॅटरी १२.५, दिवे लख्ख, आणि तरी एकच ‘कट्’. आता लक्ष सेल्फकडे. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून एकाने किल्ली फिरवायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर लाकडी मुठीने हलके ठोकायचं. गाडी जॅकवर चढवून किंवा खाली सरपटत जाऊन हे करू नका, हात वरून पोहोचत असेल तरच करा. ठोकल्यावर सेल्फ फिरला तर कार्बन झिजले आहेत किंवा संपर्क जळले आहेत. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे छोटे ठोकळे.

या उपायाने गाडी गॅरेजपर्यंत जाईल, दोष मात्र तसाच राहील. अनेक गाड्यांच्या सेल्फमध्ये कार्बन आणि सोलेनॉइड वेगळे बदलता येतात. म्हणून पूर्ण नवा सेल्फ घेण्याआधी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो उघडून तपासून घ्या.

उघडण्याआधी केबलची एक परीक्षा त्यांना करायला सांगा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अधिक खुंटावर, दुसरं सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवून किल्ली फिरवायची. सेल्फ करंट ओढत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर त्या केबलमध्ये अडथळा आहे. तसंच उणे खुंट आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्येही मोजायचं.

पायरी ७ : गाडी सुरू झाली, आता कारण शोधा

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा वरखाली करतो. पण तो सतत १२.५ च्या खाली असेल किंवा डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा जळत असेल, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. मेकॅनिक ज्याला डायनामो म्हणतात तोच हा, चालत्या इंजिनावर वीज तयार करणारा भाग. बऱ्याचदा त्याचा पट्टा सैल झालेला असतो.

चालू गाडीचं टर्मिनल काढून ‘डायनामो चालतो का’ हे बघण्याची जुनी पद्धत कुणालाही आपल्या गाडीवर वापरू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

चार्जिंग ठीक असेल तर गाडी उभी असताना वीज कुठे जाते ते पाहा. डिकीतला दिवा, डॅशकॅम, नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा जीपीएस ही नेहमीची ठिकाणं. बंद गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च सहसा चालतो. पण तेवढाही दिवसाला १.२ अँपिअर-तास होतो, म्हणजे लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात निम्मी रिकामी. म्हणून गावाला जाताना महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर काळं टर्मिनल काढून ठेवा.

रिकामी झालेली बॅटरी गल्लीत दोन फेऱ्या मारून भरत नाही. ती चार्जरवर रात्रभर मंद गतीने चार्ज करणं चांगलं. रिकामी तशीच ठेवली तर शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर धरतो आणि ती पूर्वीइतकी भरतच नाही.

बॅटरी बदलायचीच असेल तर

आपल्याकडे बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कडक उन्हाळ्यात तिचं आयुष्य लवकर झिजतं. घेण्याआधी दुकानदाराला जुनी बॅटरी लोड टेस्टरवर, म्हणजे सेल्फइतका भार टाकणाऱ्या यंत्रावर, तपासून दाखवायला सांगा. नवीचा उत्पादनाचा महिना पाहा. आकार, अँपिअर-तास आणि टर्मिनलची बाजू जुन्याप्रमाणेच हवी. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत त्याच खास प्रकारची बॅटरी लागते, साधी लवकर बसते. जुनी बॅटरी परत देऊन पैसे वजा करून घ्या. त्यातलं शिसं आणि आम्ल कचऱ्यात जाता कामा नये.

मेकॅनिकला बोलवावं लागलं तर फोनवर नुसतं ‘गाडी सुरू होत नाही’ एवढंच सांगू नका. आवाज कसा येतो, किल्ली फिरवताना दिवे मंद होतात का, टर्मिनल साफ केली आहेत का आणि बॅटरी किती व्होल्ट दाखवते, या चार गोष्टी सांगा. तेवढ्यावरून त्यांना येताना जंपर केबल आणायची की सेल्फ उतरवायची तयारी ठेवायची, हे ठरवता येतं. आणि ते ‘बॅटरी बदला’ म्हणाले, तर कोणत्या आकड्यावरून म्हणतात हे आपण विचारू शकता.